काळ्या बियरमधली ओल

हळकुंड मोडताना मामा ते कानाजवळ धरायचे. कट्ट आवाज आला की तुकडा दाढेखाली घालायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि म्हणायचे, "जीब खोटं बोलत न्हाई." वसमतच्या मोंढ्यात, हळद-धान्याच्या बाजारात, ज्या आडतीवर ते मालाची पारख करायचे, तिथेच मी काट्यावर होतो. वीस वर्षं. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल, एका वाक्यात निकाल देऊन चहाकडे वळणारा.

कुरुंद्याच्या आपल्या सख्ख्या भावाची हळद त्यांनी एकदा ओली म्हणून परत पाठवली. मी हळूच म्हटलं, "मामा, घरचाच माल हाये."

"घरचा हाये म्हणून वाळला व्हय?"

भाऊ वर्षभर बोलला नाही. मामा मात्र रोज कुरुंद्याहून मोंढ्यात येताना त्याच्या ओट्यापुढून रामराम घालतच निघायचे.

मलाही त्यांनीच शिकवलं. हळद, ज्वारी, हरभरा, जे हाती लागेल ते माझ्या तोंडात कोंबायचे आणि "सांग" एवढंच म्हणायचे. चुकलं की पुन्हा. पहिल्यांदा बरोबर सांगितलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या हमालांना चहा पाजला, माझ्या खिशातून.

मग आमच्या शेठच्या मुलाने पुण्यात ब्रूपब काढलं. बियर तिथेच बनवायची, तिथेच पाजायची. पहिली काळी बियर, तिला स्टाऊट म्हणतात, ती त्याने आपल्याकडची ज्वारी भाजून केली होती. ती चाखायला गावची अस्सल जीभ हवी म्हणून मामांना बोलावलं. सोबतीला मी.

त्या दुपारची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं. धोतर-टोपीतल्या मामांना उंच स्टुलावर बसवलं होतं, पाय लोंबकळत. समोर दहा-बारा पाहुणे मोबाइल रोखून उभे. म्हातारा काहीतरी गमतीचं बोलेल याची वाट बघत होते सगळे. मामांनी ग्लास हुंगला, घोट जिभेवर फिरवला आणि सवयीने शेजारच्या कुंडीत थुंकला. हशा पिकला.

"जवारीला वल लागली व्हती," मामा म्हणाले. "बुरसा हाये. भाजून झाकलाय, पण हाये."

"मामा, स्टाऊट अशीच कडू असते," धाकटे शेठ हसत म्हणाले.

"कडूचं न्हाई म्हणून राहिलो मी. कडू चांगलं हाये. वलीचं सांगून राहिलो."

पुन्हा हशा. एका बाईंनी तर त्यांना तेच परत बोलायला लावलं, कारण पहिल्या वेळी व्हिडिओ नीट आला नव्हता. आणि मामा बोलले हो! त्यांना वाटलं, बाईंना ऐकू गेलं नसेल. ज्याचा शब्द मोंढ्याने कधी खाली पडू दिला नाही, त्या माणसाचं या शिकल्या-सवरलेल्यांनी माकड केलं.

धाकट्या शेठनी तोच ग्लास माझ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा. तुम्हीही त्यांचेच चेले ना?"

मी घोट घेतला. "छान आहे," म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी परतताना बस चहाला थांबली, तेव्हा बशीत फुंकर घालत त्यांनी विचारलं, "तुला खरंच न्हाई लागली वल?"

"न्हाई, मामा."

"मंग माही जीब गेली," ते म्हणाले, आणि बशी तशीच खाली ठेवली.

तेव्हापासून त्यांनी हळकुंडाला हात लावला नाही. शेतकरी आर्जवं करायचे, तर आडतीवरच्या ओल मोजायच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणायचे, "मशीनला इचारा." मोंढ्यातली पोरं तो व्हिडिओ दाखवून "वल लागली का, मामा?" म्हणून छेडायची. मी त्यांच्यावर धावून जायचो. मामा म्हणायचे, "जाऊ दे, बराबर बोलून राहिले ते." पुढे येणंच थांबवलं. यंदाच्या उन्हाळ्यात गेले.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या शेठचा फोन आला. त्याच ज्वारीची उरलेली पोती मागच्या खोलीत निघाली होती, आतून बुरशीने काळी. "मामा बरोबर होते हो," असं म्हणून ते हसले. मी तोंडाला येईल ते बोललो त्यांना. मोंढ्यात या, म्हणालो, चार माणसांत तोंडाने कबूल करा. त्यांनी फोन ठेवला, तरी मी ओरडतच होतो. हमाल बघत राहिले.

मला ती ओल पहिल्याच घोटाला लागली होती.