शेवळं खुडणारी आजी

आजोबांनी बाबांना डोंगर दाखवला, बाबांनी मला. आता लेकीची पाळी होती. ‘एकदाच येईन’ या अटीवर ती खांदा कॉलनीतून निघाली होती.

चढावर एक अनवाणी आजी सुनेला शेवळं खुडायला शिकवत होती. लेकीवर छाप पाडायला मीही मूठभर ती रानभाजी खुडली. आजीने कमरेवर हात ठेवून मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

“काकडाची फळं घेतलीस का रं? नुसती शेवळं रांधशील तं घसा खाजंल.”

“आजी, आमच्या तीन पिढ्या डोंगर चढतायत!”

“आन् कुनी खाली बघितलंच नाय?”

लेक हसून हसून खाली बसली. मग बूट काढून माझ्या हातात देत म्हणाली, “बाबा, तू इथेच थांब. मी आजींबरोबर काकडं शोधते. पुढच्या रविवारी तुला शिकवीन.”