अस्वलाला रागावणाऱ्या शुभाकाकू

शुभाकाकू दामले शिकारीला जातात, ही बातमी एडिसन गावच्या मराठी मंडळात पहिल्यांदा पसरली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, साड्यांचा सेल लागला असणार. तशी शंका यायला जागा होती. ओक ट्री रोडवर सेलची पाटी लागली, की दुकान उघडायच्या आधी दाराशी काकू उभ्या असायच्या. पण या वेळची शिकार खरीखुरी होती. काकू क्रॉसबो घेऊन, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं धनुष्य घेऊन, उत्तरेकडच्या डोंगरात हरणाच्या मागावर निघाल्या होत्या.

भांडणाची सुरुवात हरणांनी केली होती. काकूंनी घरामागे मोठ्या हौसेनं मेथी, अंबाडी आणि वालाचे वेल लावले होते. हरणं रोज पहाटे यायची आणि मंडईत आल्यासारखी निवडून निवडून कोवळं तेवढं खाऊन जायची. काकूंनी जाळी लावली, साबणाच्या वड्या टांगल्या, सलूनमधून केस आणून वाफ्याभोवती पसरले. हरणांना त्या केसांची काही अडचण झाली नाही. मोरेश्वरकाका खिडकीतून चहा पीत हे सगळं बघायचे आणि म्हणायचे, की जंगल आधी त्यांचंच होतं, आपण उपरे. काकांना मेथी आवडत नव्हती, त्यामुळे त्यांना उदार होणं सोपं होतं.

काकू एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. तिथे त्यांच्या हाताखाली कॅरोल नावाची बाई काम करायची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकार चालत आलेली. काकूंचं गाऱ्हाणं ऐकून ती शांतपणे म्हणाली, की हरणांवर एकच उपाय आहे आणि तो फ्रीझरमध्ये मावतो. काकू माहेरच्या सुर्वे, मूळच्या मालवणकडच्या. दामल्यांच्या शाकाहारी घरात येऊनही मटणाच्या रश्शाची आठवण त्यांनी जिवंत ठेवली होती. कॅरोलचं बोलणं त्यांच्या मनात घर करून बसलं. पोरासोरांच्या बरोबरीनं त्यांनी शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. निशाणा बघून तर शिकवणारे गृहस्थ चकित झाले. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. जन्मभर बारीक गोळ्या मोजणाऱ्या माणसाचा हात हलत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "एका मेथीच्या जुडीसाठी एवढं? मी विकत आणतो की."

काकू बुटांना लेस घालत होत्या.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी कॅरोलनं त्यांना तिच्या भावाच्या रानात नेलं. ओकच्या एका उंच झाडाला लोखंडी शिडी आणि वर छोटीशी बैठक बांधलेली होती. उजाडता उजाडता काकू वर चढल्या, कमरेचा पट्टा झाडाला अडकवला आणि दोरीनं क्रॉसबो वर ओढून घेतला. कॅरोल पलीकडच्या उतारावर तिच्या झाडावर गेली. जाताना तिनं विचारलं, की वासाचं काही आणलं नाहीस ना? काकूंनी नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाटलं, ती सेंटबद्दल विचारतेय. थालीपिठं आणि मिरचीचा ठेचा खाली झाडाच्या बुंध्याशी, पिशवीत होता.

बराच वेळ काही झालं नाही. ऊन आलं, ओकची फळं टपटपत राहिली. मग वाळलेल्या पानांवर पावलं वाजली. काकूंनी श्वास रोखला, क्रॉसबो उचलला आणि झुडपातून भलंमोठं काळं अस्वल बाहेर आलं.

ते सरळ पिशवीपाशी गेलं. चेन वगैरेच्या भानगडीत न पडता त्यानं पिशवी फाडली, स्टीलचा डबा दगडावर आपटून उघडला आणि फतकल मारून थालीपिठं खाल्ली. काकूंकडे अस्वल मारायचा परवाना नव्हता आणि इच्छा तर त्याहून नव्हती. त्यांनी हळूच फोन काढला. कॅरोलला मेसेज जाईना. काकांना मात्र गेला: 'खाली अस्वल आहे.' काका तेव्हा भाजीच्या दुकानात होते. उत्तर आलं: 'वा! फोटो काढ. दुधी आणू का?'

त्या क्षणी अस्वलापेक्षा काकांचाच राग जास्त आला, असं काकू पुढे कायम सांगत.

थालीपिठं संपली आणि अस्वल ठेच्याकडे वळलं. एकच जीभ फिरवली असेल. त्यानं मान झटकली, शिंकलं, नाक पानांत घासलं. मग हे कुणाचं काम ते शोधायला निघाल्यासारखं मागच्या पायांवर उभं राहिलं, पुढचे पंजे शिडीवर टेकले आणि वर पाहिलं.

शिडी खडखडली. काकूंना कोर्समध्ये शिकवलेलं आठवलं, की किंचाळायचं नाही, ठाम आवाजात बोलायचं, म्हणजे आपण माणूस आहोत हे त्याला कळतं. पण तीस वर्षं या देशात बोललेलं इंग्रजी ऐन वेळी तोंडातून फुटेना. फुटलं ते मराठी.

"काय चाललंय हे? आधी खाली हो. खाली हो म्हणते ना! दुसऱ्याच्या डब्यात तोंड घालायचं, वर तिखट लागलं म्हणून माझ्याकडे बघायचं? ठेचा आहे तो, तिखटच असणार. तोंड पूस आणि नीघ इथून."

अस्वलानं कान टवकारले. एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर तसाच राहिला. काकू थांबल्या नाहीत. थांबलं तर संपलं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी अस्वलाच्या अवताराला, वळणाला नावं ठेवली, आईनं हेच शिकवलं का म्हणून विचारलं. हळूहळू पंजे शिडीवरून उतरले. अस्वल दोन पावलं मागे गेलं, पुन्हा एकदा वर बघितलं आणि आपल्याला फार महत्त्वाचं काम आठवलंय अशा थाटात झुडपात निघून गेलं.

कॅरोल आली तेव्हा काकू तशाच वर बसलेल्या. पट्टा सोडायला बोटं वळत नव्हती. कॅरोलनं वर चढून त्यांना धरून खाली आणलं. काकू धड आहेत याची खात्री करून घेतली आणि फाटकी पिशवी, चाटून स्वच्छ केलेला डबा आणि जेमतेम चाटलेला ठेचा बघून ती झाडाला धरून हसत सुटली.

मंडळाच्या दिवाळी फराळापर्यंत अस्वल दुप्पट झालं होतं. मुलं काकूंना 'बेअर मावशी' म्हणायला लागली. फ्रिस्कोहून मुलाचा, निमिषचा फोन आला. काकूंनी त्याला अस्वलाला काय काय सुनावलं ते साग्रसंगीत सांगितलं. मग तो म्हणाला, "पुअर बेअर." लहानपणी गणिताचा पेपर दाखवायची वेळ आली, की हेच सगळं त्यानं ऐकलेलं होतं.

हसणं लोकांचं चाललं होतं. काकू मात्र अंगणात पान वाजलं तरी दचकत होत्या. क्रॉसबो गॅरेजमध्ये लटकून राहिला. यंदा नाहीच जायचं, असं त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात ठरवूनही टाकलं होतं. पण हे काकांना सांगायची वेळ आली आणि काका इतक्या पटकन, इतक्या आनंदानं 'अगदी बरोबर' म्हणाले, की काकूंनी त्याच संध्याकाळी लायसन्स रिन्यू केलं.

मग काकांनी जाहीर केलं, की मीही येणार. तुझ्या रक्षणाला कुणीतरी हवं. त्यांनी इंटरनेटवर अस्वलांचे असतील नसतील तेवढे व्हिडिओ पाहिले. गळ्यात शिट्टी अडकवली, हातात स्टीलची थाळी आणि उलथनं घेतलं. रानात शिरल्यापासून ते मोठमोठ्यानं माहिती देत राहिले, की अस्वल दिसलं तर मुख्य म्हणजे पळायचं नाही, पळालं की ते मागे लागतं. त्यांच्या त्या व्याख्यानानं दिवसभर एक हरीण फिरकलं नाही. दुपारी काकूंनी हात टेकले आणि दोघं परत निघाली.

जुन्या दगडी बांधापाशी वाट वळते. वळणावर अस्वलीण उभी होती आणि तिच्या मागे दोन पिल्लं.

काका वळले. पाय निघालेही होते. काकूंनी त्यांच्या जॅकेटची टोपी मागून घट्ट पकडली आणि त्यांना परत समोर वळवलं.

"मोरू, पळायचं नाही."

पिल्लं सरसर झाडावर चढली. अस्वलिणीनं दात वाजवले, जोरात फुत्कार टाकला. या वेळी काकूंनी आवाज चढवला नाही. आईसमोर आई बोलते तसं त्या हळू म्हणाल्या, "तुझी पोरं आहेत, कळलं मला. आम्ही चाललोय बाई. बघ, मागे मागे चाललोय." टोपी पकडून त्या काकांना एकेक पाऊल मागे ओढत होत्या.

वळणाच्या अलीकडे काकांचा पाय झाडाच्या मुळात अडकला. ते धपकन बसले, थाळी सुटली आणि दगडांवरून घणघणत खाली गेली. त्या आवाजानं अस्वलीण दचकली आणि उतारावरून धूम पळाली. पिल्लं झाडावरून घसरत उतरली आणि तिच्या मागे गेली. रानात एकदम शांत झालं. काका बसल्या जागेवरून म्हणाले, की थाळीचा उपयोग झाला.

त्याच मोसमात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जरा आधी, काकूंना हरीण मिळालं. एका बाणात ते पडलं. काकू उतरून जवळ गेल्या, त्याच्या ऊबदार मानेवर हात ठेवून काही वेळ बसल्या. मग कॅरोलनं बाह्या सरसावल्या, काकूंनीही.

कॅरोलच्या घरी जेवण झालं. मालवणी मसाल्याचा रस्सा तिच्या भावानं घाम पुसत पुसत तीनदा वाढून घेतला. काकांसाठी बटाट्याची भाजी होती. ती बाजूला ठेवून ते उभे राहून सगळ्यांना सांगत होते, अस्वलीण कशी अंगावर आली, त्यांनी कसं शांत डोक्यानं अंतर मोजलं आणि नेमक्या क्षणी थाळी कशी फेकली. कॅरोलच्या भावानं वळून काकूंना विचारलं, की तेव्हा तुम्ही काय करत होतात?

काकूंनी पोळीचा तुकडा मोडला. "मी यांच्या मागे होते," त्या म्हणाल्या, आणि काकांना म्हणाल्या, भाजी गार होतेय, आधी जेवून घे.