मळका नव्हता तो

मावशी जेवायला येणार म्हटलं की आमच्या ग्रुपमधल्या बायका जरा विचार करूनच कपडे घालायच्या. कारण ती आल्या आल्या, अजून बूटही काढले नाहीत तोवर, तुमची कॉलर नाहीतर बाही धरायची, उलटी करायची आणि आतली शिवण बघायची. "वरून काय गं, सगळेच कपडे शहाणे दिसतात," म्हणायची. एकदा घरोघरचे पदार्थ आणायच्या पॉटलकला माझ्या नवऱ्याच्या अमेरिकन बॉसचं जॅकेट तिने असंच उलटं केलं आणि त्याला विचारलं, "हा खिसा बायकोने शिवला का?" तो बिचारा आधी दचकला, मग म्हणाला, आईने. पुढचा अर्धा तास तो मावशीशी आपल्या आईबद्दल बोलत होता. आमच्याशी तो कधी हवामानाच्या पुढे गेला नव्हता.

ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. अहो-जाहो केलं तर ओ द्यायची नाही, म्हणून लहान-थोर सगळ्यांची ती मावशीच. मूळची नागपूरची. नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत ईडन प्रेरीला राहायला आलो तेव्हा ती मिनिआपोलिसच्या एका म्युझियममध्ये जुने कपडे जतन करण्याचं काम करायची. तिचा खास विषय म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे नाचाचे कपडे. खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाला चिकटून बसणारे एकसंध लिओटार्ड, तसेच पायमोजे, पातळ झगे. आमच्या इंजिनिअर मंडळींना याची भारी गंमत. "मावशी, म्हणजे चड्डी-बनियनवर पीएचडी?" असं एकाने विचारलं, आणि त्याची वरात निघाली.

"हो, बनियनवरच," मावशी म्हणाली. "लिओटार्ड आधी सर्कशीतल्या पुरुषांचा. झोक्यावरून उडी मारताना सैल सदरा अडकू नये म्हणून. नाचणाऱ्या बायकांना कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटमध्ये श्वास घेता येईना, तेव्हा त्यांनी ते फेकलं आणि तालमीला हे विणलेलं कापड अंगात घातलं. लोक त्यांना बेशरम म्हणाले. मग तसलंच कापड फॅशनवाल्यांनी महाग करून विकलं, तेव्हा ते एलिगंट झालं. शिव्या नाचणारीला आणि नाव शिंप्याला. आणि तुम्ही हसताय!"

तिचा राग हा असा होता. आवाज न चढवता, नेमका आणि उतरायचं नाव नाही. तो आला कुठून, हे तिने मला एकदाच सांगितलं, माझ्या किचनमध्ये चहा पिताना. तिचे आजोबा कापडगिरणीत कामाला होते. विणकाम खात्यात मागावरच्या धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. महाराने तोंड लावलेला धोटा बाकीचे कसे तोंडाला लावणार? म्हणून त्यांना त्या खात्यात कधी घेतलं नाही. जन्मभर सूतकताईत राहिले. "पगार तिकडे जास्त होता, ते सोड," मावशी म्हणाली. "पण एखाद्या माणसाचं तोंडच मळकं, हे कुणीतरी बसून ठरवलं ना? मला त्या ठरवणाऱ्यांचा राग आहे." मी तिच्या कपात अजून चहा ओतला.

माझी मुलगी रिया तेव्हा बॅले शिकायला लागली होती. क्लासने सांगितलं, टाइट्स स्किन कलरचेच हवेत. दुकानात त्या नावाखाली मिळाले ते फिकट गुलाबी. रियाने ते पायाशी धरून पाहिले आणि म्हणाली, "मम्मी, बट धिस इजन्ट माय स्किन." मावशी तिथेच बसली होती. ती उठली, माझ्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात चहा पावडर उकळली, थोडं व्हिनेगर घातलं आणि टाइट्स बुडवून रियाच्या पायासारखा रंग येईपर्यंत ढवळत राहिली. क्लासच्या बाईंनी पुढच्याच वेळी रियाला घरी पाठवलं. म्हणे सगळ्या मुली एकसारख्या दिसायला हव्यात, ट्रॅडिशन आहे. मावशी ड्राइव्ह करून तिथे गेली आणि त्यांना एकच विचारलं, "स्किन कलर, ओके. हूज स्किन?" बाई नुसत्या हसल्या. रियाचा क्लास आम्ही बंद केला.

त्यानंतर वर्षभराने म्युझियममध्ये देणगी म्हणून एक ट्रंक आली. आत जुने नाचाचे कपडे, आणि त्यात एक लोकरीचा लिओटार्ड. रंग तपकिरी. नोंद करणाऱ्याने लिहिलं, 'मूळ रंग गुलाबी, अतिशय मळका.' मावशीने तो उलटा केला. गळ्याच्या पट्टीखाली आणि शिवणीच्या आत दुमडलेल्या मायेत, जिथे रंगाचं पाणी पोचलं नव्हतं, तिथे गुलाबी उरला होता. बाकी सगळीकडे तपकिरी, काखेपासून कमरेपर्यंत सारखा. कोपरावर रफू होता, तोही तपकिरी दोऱ्याचा. तिने मला त्या दिवशी ऑफिसातून फोन केला. "अगं, मळ आळशी असतो. सापडेल तिथे बसतो. हा रंग कुणीतरी जिवापाड बसवलाय. एका काळ्या मुलीला दुकानात गुलाबी अंग मिळालं आणि तिने घरी ते आपल्या अंगाचं करून घेतलं. सत्तर वर्षांपूर्वी, यार! माझ्यासारखंच पातेल्यात!" मावशीच्या तोंडून 'यार' मी तेवढा एकदाच ऐकला.

डायरेक्टर गोड माणूस होता. गोड माणसांची मला तेव्हापासून धास्ती आहे. तो म्हणाला, कुणी घातला होता याचा पुरावा कुठे आहे? मावशी म्हणाली, मग 'माहीत नाही' असं लिहा, पण हात लावू नका. त्याने मान डोलावली. त्या ऑक्टोबरात ती दीक्षाभूमीसाठी नागपूरला गेली. परत आली तेव्हा एअरपोर्टवरून मीच तिला आणलं. तिला घरी जायच्या आधी म्युझियममध्ये डोकावायचं होतं. तिने कपाटाचा खण ओढला. आत लिओटार्ड होता. गुलाबी. स्वच्छ. बाहेरच्या कुणाकडून तपकिरी रंग उतरवून घेतला होता, तिच्या पाठीमागे, प्रदर्शनात कपडा छान दिसावा म्हणून. मावशीने तो हातात घेऊन नाकाला लावला. "साबणाचा वास येतोय," एवढंच म्हणाली आणि खाली जमिनीवर बसली. तिला तसं बसलेलं बघून माझं डोकं सणकलं. कुठल्या तोंडाने केलं त्यांनी हे?

तिने एकच मागणी केली. काचेशेजारच्या पाटीवर लिहा: हा तपकिरी होता, आम्ही धुतला. डायरेक्टरने समजुतीच्या सुरात तिला आठवण करून दिली की तिचा व्हिसा म्युझियमच्या नोकरीवर आहे आणि ग्रीन कार्डचे कागद त्याच्याच सहीसाठी थांबलेत. आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. माझा नवरा म्हणाला, "मावशी, कार्ड हातात येऊ दे, मग भांड." मी म्हणाले, एका कपड्यासाठी कशाला? तिने माझ्याकडे पाहिलं. "कपड्यासाठी नाही. तिने स्वतःचं अंग मेहनतीने मिळवलं आणि यांनी ते मळ म्हणून धुतलं. मी गप्प बसले तर तो मळच होता, असं होईल." दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

नोटिशीचे दिवस संपेपर्यंत ती रोज लंच टाइमला त्या काचेपाशी उभी राहायची. शाळांच्या सहली यायच्या, म्हातारी जोडपी यायची. प्रत्येकाला सांगायची, "इट वॉज ब्राउन. दे वॉश्ड इट." काही लोक ऐकायचे, बरेचसे बाजूला सरकायचे. एक काळी बाई मात्र सगळं ऐकून घेऊन बराच वेळ काचेसमोर थांबली, हे मावशीने मला घरी येऊन तीनदा सांगितलं. मग बर्फ पडायला लागला आणि ती नागपूरला निघून गेली. एअरपोर्टवर माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ही रियाला विचारत होती, नाच सोडलास तो सोडलासच का गं?

मावशी मागच्या वर्षी वारली. त्यानंतर मी त्या म्युझियममध्ये पुन्हा गेले. नवीन माणसं, नवीन भिंती. नाचातल्या त्वचेच्या रंगांवर नवं दालन उघडलंय म्हणे. गिफ्ट शॉपमध्ये सात छटांचे टाइट्स विकायला आहेत. दालनाच्या मधोमध काचेत तोच लिओटार्ड, आणि पाटीवर लिहिलंय, 'त्या काळात फक्त हाच रंग मिळायचा.' शेजारी एक तरुण बाई आपल्या मुलीला ते वाचून दाखवत होती. मी तिला थांबवलं आणि सांगितलं, हा तपकिरी होता. गार्डने बोटाने गप्प राहायची खूण केली. मग मी ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं.