त्या मैदानात मी एकटीच गेले
शनिवारी सकाळी मुलगा बेसमेंटमध्ये फुटबॉलची मॅच लावतो, आणि तो आरडाओरडा कानावर आला की माझं डोकं त्या दिवसासारखंच उठतं. भारतातून अमेरिकेत एडिसनला आम्ही दोघं परतताना त्यानं मुद्दाम जर्मनीत एक दिवस काढला होता, कारण त्याचा लाडका क्लब तिथल्या एका लहान गावात आहे. क्लब खालच्या लीगमधला, हरण्यात पटाईत. आगगाडी, बस, मग थंडीत पायपीट, आणि पुढं फाटकाला कुलूप. "मैदान दाखवायची टूर असेल असं वाटलं गं, अमेरिकेत असते," तो म्हणाला. "आधी विचारायचं नाही? माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत?" आत एक म्हातारा मैदानावर पांढऱ्या रेघा मारत होता. मला लघवीची घाई झाली होती. मी खुणेनं सांगितलं, तसं त्यानं फाटक उघडून मला आत घेतलं आणि मुलाच्या तोंडावर लावलं. "आई, फोटो काढ!" मुलगा जाळीला नाक लावून ओरडला. माझ्याकडे कुठला फोन? लाकडी बाकं, पत्र्याचं छप्पर, हिरवंगार गवत, सगळं मी एकटीनं बघितलं. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "कसं आहे गं आतून?" "संडास स्वच्छ आहे," मी म्हटलं. तो हसला नाही. खरं तर मी निघताना म्हाताऱ्यानं मुलाकडे बोट दाखवलं होतं, यालाही यायचंय का, असं विचारल्यासारखं. मी रागात होते, म्हणून न बघितल्यासारखं केलं. आता वाटतं, नुसती मान हलवायला माझं काय जात होतं.