भिंतीला बांधलेला पेरू

आमच्या ह्यांनी उभा जन्म पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये काढला. लालभडक लोखंड रोलरखाली घालायचं आणि चपटं करायचं. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, गुडघ्यांना तेल लावतात. ह्यांनी पेरूचं झाड चपटं करायला घेतलं.

झाड माझं होतं. लग्न होऊन सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आले, तेव्हा अंगणात मी पेरू लावला होता. मुलं घरात कमी आणि त्याच्यावरच जास्त वाढली. पण कंपनीचं क्वार्टर नोकरी संपली की सोडावं लागतं, आणि झाड काही ट्रकमध्ये चढत नाही. म्हणून निघायच्या आधीच्या पावसाळ्यात मी त्याच्या एका फांदीला गुटी बांधली. साल काढून ओलं शेवाळ गुंडाळलं, मुळं फुटल्यावर फांदी कापली आणि जुनवानीच्या नव्या घरी आणून लावली. इथली बाग म्हणजे कंपाउंडची भिंत आणि स्कूटर यांच्यामधली पट्टी. तरी पेरूनं जीव धरला. माझाही जीव त्याच्यामुळेच इथं रमला.

मग ह्यांनी मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाची बाग पाहिली. सफरचंदाची झाडं भिंतीला चिकटलेली, फांद्या दोन्हीकडे अगदी आडव्या. "पाह्य, जागाच नाही लागत," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लोखंडी अँगल आले, त्यांना रेड ऑक्साइड फासला गेला, तारा ताणल्या गेल्या. त्या चौकटीला मालगाडीचा डबा टांगला असता तरी ती हलली नसती. झाड माझ्या खांद्याइतकं होतं.

रविवारी ह्यांचे मिलमधले दोन जुने मित्र मदतीला आले, एक अमरावतीकडून इकडे हिंदी मुलखात आलेले आणि एक इथलेच, हिंदी बोलणारे. येताना स्पिरिट लेव्हल आणली होती. फांदी आडवी झाली की नाही, हे आता काचेतला बुडबुडा ठरवणार होता.

"कवळ्या फांद्या हळूहळू वाकवा ना," मी म्हटलं. "हे तं जून झाली."

"वहिनी, आमी जिंदगीभर लोखंड वाकवलं," अमरावतीवाले म्हणाले.

लोखंडापुढे पेरूची काय टाप! तिघांनी मिळून फांदी खाली दाबली, बुडबुडा मधोमध आला आणि कडाड आवाज झाला. फांदी बुडापाशी अर्धी फाटली होती.

मिलमध्ये अपघात झाला की चौकशी बसते. इथंही बसली. खुर्च्या टाकल्या गेल्या, चहाची ऑर्डर मला मिळाली. फांदी कोणी धरली होती, जोर कोणी जास्त लावला, सगळ्याची गंभीर चर्चा झाली. शेवटी निकाल लागला.

"मटेरियल में ही डिफेक्ट था, भाभीजी."

माझं डोकंच फिरलं. "म्हंजे चूक पेरूची? बरं झालं पेरूले हात नाही, नाही तं त्याच्याच हातात मेमो देला असता!"

चौकशी समितीनं चहा घाईघाईनं संपवला आणि घर गाठलं. हे तसेच भिंतीपाशी उभे राहिले. माझं तोंड सुरूच होतं. "ठेवा तुमची चौकट तुमच्यापाशी. मी उद्याच क्वार्टरवर जातो, आपल्या मोठ्या झाडाले दुसरी गुटी बांधतो. आन् तिले कोनी हात लावाचा नाही."

"ते झाड नाही राहिलं," हे म्हणाले.

"म्हंजे?"

"नव्या लोकाइले कार ठेवाची होती. आड येत होतं, म्हनून तोडलं. मी भाजी आनाले जातो तवा तिकडूनच जातो."

"मले कावून नाही सांगितलं?"

हे तारेचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "म्हनून तं हे चपटं करून राहिलो. कोनाच्या आडच नाही आलं, तं कोन कायले तोडते?"

मला रडू आलं. आधी त्या झाडासाठी, मग ह्या येड्या माणसासाठी. राग होताच, तो काही गेला नाही. आत जाऊन जुनी सुती साडी फाडली, पट्ट्या आणल्या आणि म्हटलं, "धरा आता नीट." त्यांनी फाटलेली फांदी जागेवर बसवून धरली, मी बांधली.

फांदी जगली. बाकीच्या मी कोवळ्या असतानाच थोड्या थोड्या वळवून तारेला बांधत गेले. आता येणारेजाणारे कौतुक करतात, किती शिस्तीचं झाड! हे लगेच लेव्हल लावून दाखवतात. झाड खरंच कोणाच्या आड येत नाही, शेजाऱ्यांच्या नाही की स्कूटरच्या नाही.

मला मात्र ते पाहून चीड येते. घर आपलं, माती आपली, आणि तरी झाड पाहुण्यासारखं अंग चोरून उभं. म्हणून यंदा समोरच्या बाजूला फुटलेली एक फांदी मी बांधलीच नाही. ती चांगली वाढून थेट वाटेवर आली आहे. स्कूटर काढताना ह्यांना तिच्याखालून मान वाकवून जावं लागतं. मुकाट्यानं वाकवतात.