डच कोशातली मेंढी

त्या मंगळवारी माझे पती चहा पिऊन कॉलेजला निघाले. दारात चप्पल घालताना ते खाली बसले. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ते गेल्याचं सांगितलं.

घरी परत आणलं तेव्हा टेबलावर त्यांचा लॅपटॉप तसाच होता. कुणीतरी तो बाजूला ठेवताना पडदा उजळला आणि डच भाषेतलं एक पान दिसलं. जमलेल्यांपैकी कुणाला ते काय आहे हे कळलं नसतं. मला कळलं.

हे बीडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत. मी बीडमध्येच दुसऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आम्हाला मूल नाही. हॉलंडमध्ये आमचं कुणी नाही, आणि तिकडे जायचं कधी मनातही नव्हतं. पण एका कार्यशाळेत कोशांवर बोलायला आलेल्या पाहुण्यांनी इंटरनेटवरचा एक डच कोश दाखवला, आणि हे त्यात अडकले ते अडकलेच. आजच्या डच भाषेचा कोश. आधी यंत्रानं केलेल्या मोडक्या इंग्रजी भाषांतरातून वाचायचे. मग व्याकरणाचं एक पुस्तक उतरवून घेतलं आणि भाजी निवडता निवडता शब्द पाठ करू लागले.

त्यांना त्यातले रकाने आवडले होते. शब्दाचा अर्थ दिला की खाली एक तक्ता असतो. प्राण्याचं नाव असेल तर तो दिसतो कसा, ओरडतो कसा, राहतो कुठं, माणसाला कशासाठी लागतो. वस्तूचं नाव असेल तर प्रश्न बदलतात: आकार, माप, कशाची करतात, कोण वापरतं. "हा कोश शब्दाची विचारपूस करतो," ते म्हणायचे. "पाव्हणा आल्यावर करतो तशी."

माझे सासरे, म्हणजे मामा, पाटोद्याच्या पलीकडच्या डोंगरात मेंढरं राखतात. रविवारी आम्ही एसटीनं गावी जायचो. अशाच एका रविवारी यांनी ओट्यावर बसून वडिलांना मेंढीचं पान वाचून दाखवलं.

"बापू, तिकडं मेंढीला स्खाप म्हणतेत."

"शिंकला का बे?"

"नाव हाय ते. ऐका की. लोकर देती, मांस देती, दूध देती."

"आन लेंडी?"

"लेंडीचं न्हाई लिव्हलं."

"मग कशाचं पुस्तक?" मामा म्हणाले. "रानात खताला मेंढरं बसवल्याबिगर पिकतं व्हय त्यांच्याकडं?"

"त्यांची मेंढरं कुरणात आसतेत, बापू. कडंनं तारंचं कुंपण."

"कुंपण हाय तर राखणारा काय करतो? झोपतो?"

मी उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्याच संध्याकाळी यांनी एक लांब वही काढली. डाव्या बाजूला डच कोशातले प्रश्न मराठीत लिहिले, उजवीकडे मामांची उत्तरं. पहिलं पान मेंढीचं. आवाजाच्या रकान्यात मामांनी पाच आवाज सांगितले: तहानेचा, कोकरू हरवल्याचा, लांडग्याचा वास आल्याचा, आणि आणखी दोन. रकाना पुरला नाही. मग शब्दागणिक दोन पानं ठरली.

एकदा मी म्हणाले, बरं करताय, हे शब्द हरवत चाललेत. ते त्यांना लागलं. "हरवले कुठं? बापू आज सकाळीच बोलले," ते म्हणाले. "हा कोशसुद्धा आजच्याच भाषेचा आहे. लोकांच्या तोंडी आहे ते लिहायचं. जुन्या पुस्तकातून एक अक्षर उचलायचं नाही."

त्यांच्या माघारी वही माझ्याकडे आली. शेवटचा शब्द होता वाघूर. मेंढरं संध्याकाळी माळावरून परतली की त्यांच्याभोवती उभं करायचं जाळं म्हणजे वाघूर. पानावर मथळा होता, प्रश्न होते, उत्तर एकही नव्हतं. माझ्या ग्रंथालयात दोन कोशांत हा शब्द मिळाला. मी तो उतरवून घेतला नाही. विचारायचं तर मामांनाच विचारायला हवं होतं, आणि मी मामांशी कधी बोललेच नव्हते.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नाही. अठरा वर्षांत मामांनी मला एकदाही हाक मारलेली नव्हती. चहा हवा असला तर "आत सांगा" म्हणायचे. मीही काही सांगायचं तर यांना सांगायचे किंवा आत्याबाईंना. त्यात दुरावा नव्हता. तो त्यांचा आदर होता, आणि हळूहळू माझाही झाला. पण आमच्यामध्ये उभा असलेला माणूस आता नव्हता. त्यातून मुलगा गेल्यापासून मामा मेंढरांबद्दल कुणाशीच बोलत नव्हते. सकाळी जायचे, दिवस मावळता यायचे, जेवायचे. माझा भाऊ अंबाजोगाईहून दोनदा येऊन गेला होता. "ताई, आता त्या डोंगरात तुझं काय काम?" असं त्यानं विचारलं होतं. मामा बोलले नाहीत तर वही तिथंच थांबणार होती, आणि माझं गावी जाणंही.

वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मी वही घेऊन गेले. मामा माळावरून यायच्या वेळेला मी मेंढवाड्याच्या कडेला आत्याबाईंशेजारी बसले आणि त्यांनाच प्रश्न विचारला. मामा आमच्यापासून दहा पावलांवर खुंट्या ठोकत होते. सगळं ऐकू जात होतं.

"आत्याबाई, विचारा ना, वाघूर किती लांब असते?"

"अवं, लांब किती आसती म्हणं."

मामा एक खुंटी ठोकून पुढे गेले.

"आन कशाची करतेत, इचारती," आत्याबाईंनी माझा पुढचा प्रश्न पोचवला.

"दोरीची," मामा म्हणाले.

"दोरीची म्हणं," आत्याबाईंनी मला सांगितलं.

"कुठली दोरी?"

"कुठली दोरी म्हणं." मग त्या वैतागल्या. "मी काय टपालवाली हाय का गं? कान हायेत त्यांना. आन तुला तोंड हाय."

मेंढरं एकमेकांना रेटत उभी होती. मामांनी जाळ्याचं एक टोक दगडाखाली दाबलं आणि दुसरं ओढत निघाले. अर्ध्या वाटेत दगडाखालचं टोक सुटलं. ते परत आले, दगड पुन्हा ठेवला, पुन्हा निघाले. पुन्हा सुटलं. हे काम दोन माणसांचं आहे हे मला तेव्हा दिसलं. रविवारी दुसरं टोक हे धरायचे. इतकी वर्षं मी त्या वेळेला आत स्वयंपाकात असायचे. एरवी मामा दगडावर भागवायचे, आता वर्षभर रविवारीही तेच चाललं होतं.

तिसऱ्यांदा ते दगडाशी आले आणि वाकले नाहीत. जाळ्याकडेच बघत म्हणाले, "सांगून कळायचं न्हाई हे. धर, बाई."

आत्याबाई दुसरीकडे बघू लागल्या. मी वही खाली ठेवली, पदर खोचला आणि टोक धरलं. जाळं माझ्या वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड होतं.

"तानून धर. लई न्हाई. तुटंल." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आधी अंबाडीची वळायचो. आता नायलॉनची हाय. जड कावून लागती म्हणशील, तर रातच्या दवानं भिजून माती धरलीय."

"काय लिहू?" मी विचारलं. मी त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न.

"हाय ते लिव्ह," ते म्हणाले. "नायलॉन."

माप त्यांनी हातांत सांगितलं. उंची माणसाच्या छातीएवढी, कारण लांडगा तेवढी उडी मारत नाही. एका कोपऱ्याशी आलो तर तिथं आधीचीच एक गाठ होती. "ही गाठ त्यानं बांधलेली हाय," ते म्हणाले. "मी सोडली न्हाई." ती गाठ तशीच ठेवून आम्ही पुढचा कोपरा बांधला.

रात्री मी पान पूर्ण केलं. कोण वापरतं, या रकान्यात लिहिलं: मेंढपाळ, एका वेळी दोन माणसं. गाठीला वहीत रकाना नव्हता, तिच्यासाठी केलाही नाही.

मामा अजूनही मला चहा मागत नाहीत. ते आत सांगतात. मेंढरांचं मात्र मला सांगतात. दर रविवारी दुपारच्या एसटीनं मी जाते आणि दिवस मावळायच्या आधी आम्ही दोघं वाघूर लावतो.