गिरडच्या टेकडीवर फुटलेला कंठ

स्वातंत्र्य येऊन फार वर्षे झाली नव्हती. वर्ध्याच्या कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवत असे. विद्यापीठाने इंग्रजीऐवजी मराठीतून शिकवायचे ठरवले आणि इंग्रजीत घडाघडा बोलणारा मी मायबोलीत मुका झालो. आधी मनात इंग्रजी वाक्य रचायचे, मग त्याचे मराठी करायचे. तोवर मुले हसू लागत आणि माझा घसा मिटून जाई. डॉक्टरांना घशात काही दोष सापडेना. दिवाळीनंतरही असेच चालले तर दुसरा माणूस पाहावा लागेल, असे प्राचार्यांनी सौम्यपणे सांगितले. घरी मी कुणाशी धड बोलेनासा झालो.

बायकोने गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांना नवस बोलला. तर्कशास्त्राच्या मास्तराने नवसाला जावे याचे मलाच हसू येई, पण बुडत्याला काडीचा आधार. दिवाळीच्या सुटीत सर्व्हिस मोटारीने गिरडला पोचलो. टेकडीखाली तिने नवसाच्या स्वयंपाकासाठी चूल मांडली, मी वर दर्ग्यापाशी जाऊन बसलो. बाबांपाशी काही मागावे म्हटले, तर तेही जमेना.

शेजारी एक आंधळी म्हातारी बसली होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, "बापू, इथून काय काय दिसते थे सांग ना मले. दरसाली माही लेक सांगे. औंदा थे नाई राह्यली."

नाही कसे म्हणणार? मी सांगू लागलो. निसवलेली ज्वारी, तळ्यावर उतरलेली गुरे, गावातल्या चुलींचा धूर. "अन् कापूस फुटला काय?" तिने विचारले. फुटला होता. वावरामागून वावर मी सांगत गेलो. बऱ्याच वेळाने ध्यानात आले, घसा मोकळा आहे आणि मनात इंग्रजीचा एक शब्दही नाही. अंगावर सर्रकन काटा आला.

म्हातारीने दर्ग्याकडे हात जोडले. "बाबा, म्या म्हटलं होतं, माह्या पोरीवानी सांगनारं कोनीतरी धाड. धाडलंस बापा."

मी माझे गाऱ्हाणे घेऊन आलो होतो, आणि तिच्या गाऱ्हाण्याचे उत्तर मीच होतो. मला रडू आले.

सुटीनंतर वर्गात पुस्तक मिटून ठेवले आणि बोलू लागलो. कुणी हसले नाही. प्राचार्यांना दुसरा माणूस पाहावा लागला नाही.

हे सारे तर्काने सिद्ध करता येणार नाही, करावेसेही वाटत नाही. मला धड मागताही आले नव्हते, तरी देवाने ऐकले, आणि दुसऱ्याच्या कामी लावून माझे काम केले. तेव्हापासून मी काही मागत नाही. तो बसवील तिथे बसतो.